चिंचेवरचा मिठू

निंबा : अक्का, मान दुखी जाई. रोज त्या चिंचमा काय दखतस तुम्ही?

प्रेमकुंवर : तू इथला माळी, म्हणून तुला सांगते. आमचा मिठू आहे रे त्यात. सेठजींनी महिन्यामागे पिंजरा आणून इथेच उघडला.

निंबा : वर पोपटच पोपट शेतस! बठ्ठास्ना गळामा लाल कंठी. तुमना कोणता?

प्रेमकुंवर : सगळे सारखे असू देत, बोलेल तो माझा. ‘ए मंजू, चाय ला!’ म्हणतो. अगदी सेठजींच्या आवाजात. त्यांच्याकडूनच शिकला मेला.

निंबा : मंजू कोण?

प्रेमकुंवर : माझी लेक. असोद्याच्या केळीवाल्याच्या पोराशी लग्न करून गेली. सेठजी म्हणाले, या घरात तिचं नाव निघता कामा नये. आम्ही सगळे गप्प बसलो. मिठूला कोण सांगणार? सेठजी जेवायला बसले की ह्याचं सुरू. एक दिवस ताट सारून उठले, पिंजरा उचलला नि चालू पडले. तेवढं एकच तोंड होतं रे घरात, माझ्या लेकीचं नाव घेणारं.

निंबा : अक्का, राग नका मानू. तो आते बोलस नही. पहिले आठ दिन बोलना, मग थवामा मिसळी गया.

प्रेमकुंवर : चल, खोटं! परवा सकाळी मंदिरातून येताना टांग्यात बसून ऐकलं मी. या बागेच्या भिंतीपलीकडून, ‘मंजू, ए मंजू!’ उगाच का येते इथं?

निंबा : सकायमा? मग तो पोपट नव्हता, अक्का.

प्रेमकुंवर : मग कोण?

निंबा : आते कसं सांगू... सेठजी.

प्रेमकुंवर : आमचे? ते तर सकाळी फिरायला जातात!

निंबा : आठेच येतस, या बागमा. पेरू लिसन चिंचखाल उभा राहतस. वर दखीसन म्हणतस, ‘बोल ना रे मिठू. मंजू म्हण. ए मंजू!’ कोणीच बोलस नही. मग पेरू ठेवतस, डोया पुसतस नि जातस.

(प्रेमकुंवर बाकावर बसते. वर पोपटांचा कलकलाट.)

प्रेमकुंवर : मोठ्याने म्हणतात?

निंबा : बठ्ठी बाग ऐकस.

प्रेमकुंवर : आणि घरात मला डोळे वटारतात! कमाल आहे बाई या माणसाची.

निंबा : मिठूले धरी देऊ का? जाळं शे मनाजोडे.

प्रेमकुंवर : नको रे. राहू दे त्याला त्याच्या गणगोतात. उद्या मीच येते सेठजींच्या पाठोपाठ. त्यांनी हाक मारली, की म्हणेन, वर काय बघता? असोद्याची मोटार उभी आहे.