गाडी ‘पी’मध्येच होती

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे सेलू, दि. १९/१२/२०२५

मी, उद्धव भगवानराव जिंतूरकर, वय ६१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त गणित शिक्षक, रा. पाथरी, जि. परभणी, समक्ष हजर राहून पुरवणी जबाब देतो की,

दि. ०९/११/२०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. माझा चालक लिंबाजी, रा. पेडगाव, याने माझी ऑटोमॅटिक कार हॉटेलसमोरच्या उतारावर लावली. माझी पत्नी विमला डिकीतून पिशवी काढत असताना कार आपोआप मागे सरकली व चाक तिच्या डाव्या पावलावरून गेले. हाड मोडले. लिंबाजीने गिअर ‘पी’ म्हणजे पार्किंगमध्ये टाकला नाही, अशी फिर्याद मी त्याच दिवशी दिली. गिअर मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

लिंबाजी तेव्हा म्हणाला होता, “सर, गाडी पी मधीच होती. म्या कशाला खोटं बोलू?” मी त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालो व सहा वर्षांच्या कामावरून काढले. घरी विमला पायाला प्लास्टर असताना रोज म्हणायची, “लिंबाजी तसं करायचा न्हाई.” मला तिच्या या बोलण्याचा राग यायचा.

पुढे कंपनीचे पत्र आले की, या मॉडेलच्या गाड्या गिअर तपासणीसाठी परत मागवल्या आहेत. काल दि. १८ रोजी परभणीच्या सर्व्हिस सेंटरवर मेकॅनिक धम्मदीप यांनी माझ्यासमोर गिअरबॉक्स उघडला. मी चार तास तिथून हललो नाही. गिअर ‘पी’मध्ये नेला की आत एक लोखंडी खटका दातेरी चाकात अडकतो व गाडी जागेवर राहते. आमच्या गाडीत खटक्याचे टोक झिजून गोल झाले होते. म्हणजे समोर ‘पी’ दिसायचे आणि गाडी मोकळीच असायची. धम्मदीप म्हणाले, “सर, डायव्हरची काहीच चूक न्हाई यात.” मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावले. छातीवरचे ओझे उतरले. रात्री बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो. जुना खटका व तपासणीचा लेखी अहवाल सोबत हजर करीत आहे.

एक गोष्ट पहिल्या जबाबात राहिली. राहिली म्हणजे मीच सांगितली नाही. लिंबाजी पूर्वी उसाच्या ट्रॅक्टरवर होता. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावायची त्याची सवय. नव्या कारला दगड लावलेला पाहून लोक हसतात, असे मला वाटायचे. एकदा तो हँडब्रेक सोडायचा विसरला, तेव्हा मी त्याला बजावले, “ही ऑटोमॅटिक हाय, उसाची ट्रॉली न्हाई. पी मध्ये टाक अन् उतर.” त्या दिवशी त्याने माझेच ऐकले. चूक माझी आहे.

लिंबाजीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्याचे जमा केलेले लायसन्स त्याला परत मिळावे.

जमादारांनी जबाब वाचायला घेतला तेव्हा मी त्यांना थांबवले. लिंबाजी बाहेर बाकावर बसला होता. बोलावूनही तो आत येईना, म्हणून मी स्वतः जाऊन त्याला आणले. त्याला शेजारी बसवून, त्याला ऐकू जाईल असा हा जबाब मोठ्याने वाचून घेतला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.