तात्यांचा पाय आणि पॅरलल पोर्टचा स्कॅनर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक आदरणीय डॉक्टरबाई, व्यासपीठाची शोभा वाढवणारे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे आपापली कामं टाकून आलो ते सत्कारमूर्ती तात्या, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, सर्व विभागांतले माझे सहकारी, आणि चहाच्या टेबलाजवळची जागा धरून मागे उभी असलेली जाणकार मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी बूट शिवणारा माणूस. तळघरातल्या आमच्या कार्यशाळेत बोलायचं खातं तात्यांकडे आणि ऐकायचं माझ्याकडे, अशी इतकी वर्षं वाटणी होती. आज ती उलटी झाली आणि तात्या समोर गप्प बसलेत. त्यांना किती जड जात असेल याची मला कल्पना आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो.

पाहुणे बाहेरचे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही पायांसाठी खास बूट बनवतो. आमचे बरेचसे पेशंट शुगरचे. या आजारात पुष्कळांच्या तळपायाची संवेदना जाते. बूट चावला तरी कळत नाही, खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते, वास येतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. पुढचं डॉक्टरबाई सांगतील, मी सांगत नाही. तर अशा माणसाला बूट पायात तंतोतंत बसणाराच लागतो. त्यासाठी तळपायाचं चित्र हवं. ते चित्र काढायचे तात्या, आणि त्या चित्रावरून आतला तळ कापायचो मी.

तात्या आमच्याकडे आले एक्स-रे विभागातून, आणि येताना एक सवय घेऊन आले. पेशंटने काचेवर पाय ठेवला की हे खणखणीत आवाजात म्हणणार, "श्वास रोखा." आता तळपायाचं चित्र काढायला श्वास कशाला रोखायचा? मी एकदा विचारलं. म्हणाले, "तू रोखून बघ, पाय हलत नाही." खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. पण आमच्याकडचा प्रत्येक पेशंट श्वास रोखून बसलेला आहे, आणि पाठीमागे यांना श्वासरोखेसाहेब म्हणून गेलेला आहे. तात्या, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका, वहिनी हसतायत.

आता स्कॅनरबद्दल. तो आहे जुना, सपाट काचेचा, पेटीसारखा जाड. नवे स्कॅनर पातळ असतात, दिसायला झकास. पण त्यांना काचेला जे टेकलं तेवढंच नीट दिसतं. पाय ठेवला की टाच दिसते, चवडा दिसतो, आणि मधली कमान सगळी धुक्यात. आमच्या जुन्या पेटीला काचेपासून वर उचललेलंही स्वच्छ दिसतं. कमान, भोवरी, बोटांच्या मधली लाली, सगळं. म्हणून आम्ही तिला सोडलं नाही. हौस म्हणून नाही हो. हौस असती तर केव्हाच फिटली असती.

कारण ही पेटी जोडायची कशाला? तिला लागतो पॅरलल पोर्ट. पूर्वी प्रिंटर जोडायचे ती कॉम्प्युटरच्या पाठीवरची रुंद, भोकाभोकांची जागा. आमचा मूळ कॉम्प्युटर कायमचा बंद पडला तेव्हा कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झालेला एक आम्हाला मिळाला. त्याला ती जागा होती, पण आत विंडोजच्या जागी होतं लिनक्स. स्कॅनरची सीडी त्याच्यापुढे शून्य कामाची. तात्यांनी मनावर घेतलं. आज्ञा टाइप करायची, आणि पडद्यावर उत्तर यायचं की एकही स्कॅनर सापडला नाही. स्कॅनर तिथेच, हाताच्या अंतरावर, दिवा लावून बसलेला. तात्या त्याच्याकडे बोट दाखवून पडद्याला म्हणायचे, "हा काय इथे. आंधळा आहेस का?"

मग कळलं की पोर्टचं सेटिंग चुकीचं आहे. ते बदलायला कॉम्प्युटर सुरू होतानाच एक कळ दाबून निळ्या पडद्यात शिरायचं. ते केलं. मग कळलं की प्रिंटरचा प्रोग्राम आधीच पोर्टवर ठाण मांडून बसतो, स्कॅनरला आत येऊ देत नाही. प्रिंटर आमच्याकडे नव्हताच, पण त्याचा प्रोग्राम मात्र हजर. त्याला उठवलं. मग परवानगी नाही असं आलं. तात्या म्हणाले, "माझ्याच मशीनला हात लावायला मलाच परवानगी नाही? घरी काय वेगळं असतं." वहिनी, हे मी पदरचं घालत नाहीये. शेवटी परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर उत्तर दिलं, तात्यांनी ते शब्दकोश घेऊन वाचलं, आणि एका दुपारी पेटीतला दिवा सरकत सरकत पुढे गेला. तात्यांनी स्वतःचाच पाय ठेवला होता. ते चित्र त्यांनी भिंतीवर लावलं. अजून आहे. लोक देवाचा फोटो लावतात, आमच्याकडे तात्यांचा तळपाय.

तेव्हापासून नियम असा, की आधी स्कॅनर सुरू, मग कॉम्प्युटर, आणि त्या खोलीचं बटण कधीही बंद करायचं नाही. का, ते तात्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चाललंय ना, मग चालू दे.

डॉक्टरबाई, आपण आत्ताच आपल्या भाषणात म्हणालात की हे काम योग्य हाती सोपवलं आहे. आपण माझ्याकडे बघितलंत आणि टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्यांत घाम फुटला. मला हे इथे बोलायचं नव्हतं. पण तोंडाशी आलंच आहे तर सांगतो. ते मशीन बंद पडलं आहे.

थांबा, क्रमाने सांगतो, नाहीतर तात्यांवर येईल.

मध्यंतरी त्या स्कॅनरच्या केबलचा स्क्रू हरवला. केबल पोर्टला घट्ट बसवायला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यातला एक. केबल जरा सैल झाली की चित्राला पट्टे येतात, म्हणून आम्ही दोघं टेबलाखाली बॅटरी घेऊन रांगलो. कपाट हलवलं, केरसुणी फिरवली. तात्या इकडून तिकडे फिरत मला रागावत होते की तुझ्या चामड्याच्या पसाऱ्यात हत्ती हरवेल. दिवसभर स्क्रू मिळाला नाही. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी बूट बदलायला काढला, आणि स्क्रू बुटातून खाली पडला. टणकन आवाज झाला. मोज्याला रक्त लागलं होतं.

इतक्या लोकांच्या तळपायांची चित्रं काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या तळपायातलं काही कळलं नव्हतं. तात्या म्हणाले, "तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी आता जायची नाही बघ." आणि हसले. मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ती जखम डॉक्टरबाईंनी बरी केली, आणि सांगितलं की तात्या, आता तुमच्यासाठीही बूट. तेव्हा आम्ही ठरवलं की निवृत्त होण्याआधी तात्या मला मशीन शिकवतील, आणि मी माझ्या हाताने पहिला स्कॅन काढीन तो त्यांच्या पायाचा. त्यांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. खुर्चीत पेशंट म्हणून बसायचं.

ठरल्या दिवशी तात्या मोजे काढून बसले. पाय काचेवर. मी आज्ञा दिली. एकही स्कॅनर सापडला नाही. पुन्हा दिली. तेच. तात्या म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. नीट टाइप कर." मी नीट टाइप केलं. मग त्यांनी वेळ दाखवणारा कोपरा बघितला. तिथे कॉम्प्युटरच्या जन्माच्याही आधीचं कुठलं तरी साल होतं. तात्यांचा चेहरा उतरला. "वीज कुणी बंद केली?"

वीज बंद केली होती माईकवाल्यांनी. या सभागृहात आजच्या कार्यक्रमाची वायर ओढायला त्यांनी आमच्या त्या ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी मेन स्विच पाडला होता. त्यांची काही चूक नाही, त्यांना कोण सांगणार होतं? त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक बटणाएवढी बॅटरी असते, वीज गेली तरी सेटिंग लक्षात ठेवणारी. ती कधीच मेलेली होती, म्हणून तर तो बंद करायचा नाही हा नियम. एकदा वीज गेली आणि तो सगळं विसरला. म्हणजे ज्या माईकवरून मी तात्यांच्या कामाचं कौतुक करतोय, त्या माईकपायीच त्यांचं काम बंद पडलं. आता याला कुणी काय करावं?

पूर्वी केलं होतं ते सगळं आम्ही पुन्हा केलं. निळ्या पडद्यात शिरलो. प्रिंटरला उठवलं. तात्या काचेवरचा पाय न हलवता मागे वळून मला ओरडून सांगत होते, आणि एकदाचा स्कॅनर सापडला. मी म्हटलं, "श्वास रोखा." त्यांनी रोखला. दिवा चार बोटं पुढे गेला, कर्रकर्र आवाज झाला, आणि अडकला. पुन्हा केलं, पुन्हा कर्रकर्र. शेवटी शिकवणी सोडून तात्या स्वतः अनवाणी कीबोर्डवर बसले. मी देव पाण्यात घालून मागे उभा. त्यांनी काय काय करून बघितलं. नवी बॅटरी घातली, पोर्टचे सगळे प्रकार फिरवून पाहिले. ज्याने तेव्हा उत्तर दिलं होतं त्या परदेशी माणसाला पुन्हा लिहिलं, त्याचा पत्ताच आता चालत नाही. प्रत्येक वेळी चार बोटं आणि कर्रकर्र.

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. म्हणाले, "मला वाटायचं मला हे येतं. मला फक्त चालू होतं ते चालू ठेवता येत होतं रे." मी त्यांना इतकं हरलेलं कधी बघितलं नव्हतं. मी चहा आणला. तो निवला.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कार्यालयातल्या नव्या पातळ स्कॅनरवर त्यांचा पाय ठेवला. टाच, चवडा, आणि मध्ये धुकं. ज्या जागी स्क्रू लागला होता ती जागा नेमकी त्या धुक्यात.

मग मी आमच्या खात्यात स्कॅनर यायच्या आधी करायचो ते केलं. जमिनीवर बसलो, त्यांचा पाय मांडीवर घेतला, कागद लावून पेन्सिल फिरवली. कमानीत अंगठ्याने दाबून अंदाज घेतला. पेशंटला विचारायचं असतं, इथे दुखतंय का, इथे लागतंय का. सवयीने मी विचारत गेलो आणि ते प्रत्येक वेळी "नाही" म्हणत गेले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारणं बंद केलं. वर बघितलं तर तात्यांनी श्वास रोखून धरला होता. मी म्हटलं, "सोडा तात्या, पेन्सिल आहे."

ते बूट या खोक्यात आहेत. चामडं चांगलं आहे, शिलाई माझी आहे, त्याबद्दल मला चिंता नाही. आतला तळ बरोबर आहे का, हे मला माहीत नाही. एरवी बूट घालून पेशंट चार पावलं चालतो आणि सांगतो, मिस्त्री, इथे जरा चावतोय. मी काढून घेतो, रापीने तासतो, पुन्हा देतो. काल तात्या हे घालून चालले. म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास." ते दुसरं काय म्हणणार? खिळा ठोकून दिला असता तरी फर्स्ट क्लासच म्हणाले असते.

वहिनी, म्हणून आपल्याला हात जोडून विनंती. रोज संध्याकाळी यांचे तळपाय बघायचे. हे नाही म्हणतील, चिडतील, वाकता येतं मला म्हणतील. ऐकायचं नाही. दिव्याखाली पाय घ्यायचा आणि कमान नीट बघायची. कुठे लाल दिसलं, जरा कोमट लागलं, तर बूट काढून ठेवायचे आणि यांना घेऊन थेट तळघरात यायचं. मला निरोप पाठवत बसू नका.

प्रमुख पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, कार्यक्रमासाठी राबलेल्या सगळ्यांचे आभार. माईकवाल्यांचेही, मनापासून. डॉक्टरबाई, मशीनचं काय करायचं ते उद्या आपल्या केबिनमध्ये बोलू, आज नको.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे. बोलण्यातलं घाला. पण तात्या, बुटातलं पोटात घालायचं नाही. माझं काही चुकलं असेल तर तुमचा पाय मला सांगणार नाही, आणि तुम्ही तर मुळीच सांगणार नाही. तेव्हा दर सोमवारी या, बूट-मोजे काढा आणि मला बघू द्या. तुमची खुर्ची मी हलवणार नाही.

हे घाला आता. सावकाश. पाहुण्यांसमोर चालून दाखवू नका, नुसते बसा. मीच खोकं घेऊन खाली येतो.