हिरवीगार मोकळी जमीन

सोचिमिल्कोच्या बाजारात, तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"ओब्दुलिया, राजधानीचा वीस वर्षांचा आराखडा बदलला! आपल्या कालव्यावरचा रस्ता रद्द. पाण्यातले मळे वाचले गं!"

"काय सांगतेस, चोले! त्यांच्या नकाशात तर तिथे कालवाच नव्हता. मोकळी जमीन म्हणे."

"तू लेकीकडे गेलीस आणि मजा हुकली. गावच्या सभेनं नकाशावाल्या साहेबांना बोलावलं. होडीत बसवून म्हटलं, दाखवा बरं, रस्ता कुठून जाणार."

"होडी कुणाची?"

"माझीच. पुढे जलपर्णी माजलेली, नुसती हिरवीगार. साहेब म्हणाले, 'हीच ती मोकळी जमीन,' आणि नकाशा घेऊन ऐटीत उतरले."

"अगं बाई! तू ओरडली नाहीस?"

"ओरडले की. ते उतरल्यावर."

"बुडाले?"

"छातीपर्यंत! दंडाला धरून वर ओढलं, घरी नेलं, आमच्या ह्यांचे कपडे दिले, तिखट रश्शाचं मोले पोटभर वाढलं. दोनदा मागून घेतलं हो त्यांनी."

"मग आता नव्या नकाशात आपला कालवा आहे?"

"आहे म्हणजे काय! निळाशार आहे. बाकीच्या कालव्यांची नुसती नावं घातलीत. आपल्या एकट्याची खोलीसुद्धा लिहिलीय."