पंच्याऐंशीचा मग

नोरीन: हा घे, तुझा बिअरचा मग. कान तुटलाय, पण तो तूच तोडलास. उपांत्य फेरी जिंकलो त्या दिवशी, टेबलावर चढून नाचताना.

भोंग्या: चढलो कसला, लोकांनी चढवलं मला! आणि टेबलसुद्धा मोडलं होतं, ते सांग ना.

नोरीन: टेबलाचं मी मनात ठेवलं नाही. बस जरा, उभा का? आज जागेसाठी मारामारी नाही.

भोंग्या: शनिवार, दुपारचे दोन, आणि ह्या वुलपॅक पबमध्ये आपण दोघंच. ह्या वेळेला इथं हात वर करून उभं राहावं लागायचं, नाहीतर कोपर दुसऱ्याच्या बिअरमध्ये. मला नाही बघवत गं.

नोरीन: तुला पाच मिनिटं बघवत नाही, मी दोन वर्षं बघतेय. रोव्हर्स क्लबनं फुटबॉलचं मैदान हलवलं आणि ह्या गल्लीतला जीवच गेला. सात पब होते. समोरच्यात आता दात काढतात, कोपऱ्यावरच्यात गालिचे विकतात. मी एकटी उरले होते, उद्या मीही कुलूप लावते.

भोंग्या: आमचं काय चुकलं पण? नवं मैदान चार मैल लांब. क्लबची फुकट बस बाजारातून सुटते ती थेट दारात नेऊन सोडते. बिअरही आतच.

नोरीन: प्लास्टिकच्या पेल्यात.

भोंग्या: प्लास्टिकच्या पेल्यात. आणि चवीचं म्हणशील तर भांडी विसळलेलं पाणी बरं.

नोरीन: तरी पितोसच ना? दोन वर्षांत इकडं एकदा तरी फिरकलास? फळ्यावर 'शेवटचा शनिवार, आपापले मग घेऊन जा' असं खडूनं लिहिलं, तेव्हा आलास.

भोंग्या: चुकलं. खरंच चुकलं, नोरीन. दर वेळी म्हणायचो, पुढच्या शनिवारी जाऊ. आता दे तो मग आणि मला सोड, अडीचची बस आहे. आणि हे बाकीचे कोणाचे राहिलेत? बुटका... तो तर गेलाच बिचारा. गाजर. सासरेबुवा. आणि हा — अरे, पंच्याऐंशी!

नोरीन: बरं आठवण केलीस. तो तूच घेऊन जा, मैदानात दे त्याला.

भोंग्या: मी? तो तर इथंच येतो ना?

नोरीन: इथं कुठला? तो तिकडं, तुमच्यात.

भोंग्या: चेष्टा नको हं. नव्या मैदानावर मी त्याला एकदाही बघितलेलं नाही. तिथं माझ्या शेजारची खुर्ची पहिल्या दिवसापासून एका टकल्या पोलिसाची आहे.

नोरीन: अरे, मग तुला काही वाटलं नाही?

भोंग्या: वाटलं ना! वाटलं, म्हातारा हट्टी आहे, नोरीनला सोडून यायचा नाही. इथंच बसून रेडिओवर मॅच ऐकत असेल. मला हेवाही वाटायचा त्याचा, शपथ.

नोरीन: आणि मला वाटायचं, गेला हा पण बाकीच्यांसारखा. इतकी वर्षं तोंड भरून बोलला आणि शेवटी गेलाच. मी रागावले होते रे त्याच्यावर. दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

भोंग्या: थांब, थांब. तुला शेवटचा कधी दिसला?

नोरीन: जुन्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला. नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला, अर्धा ग्लास घेतला, आणि म्हणाला, 'मग टॅटरसॉलबाई,' मला आडनावानंच हाक मारायचा तो, 'आता पुढं कसं?' मी कामात होते. म्हटलं, 'जा की नव्या मैदानावर, तिथं गरम खुर्ची मिळेल बसायला.' थट्टेत म्हटलं मी!

भोंग्या: मला त्याच दिवशी विचारलं त्यानं, मध्यंतरात. 'तुम्ही सगळे तिकडं जाणार का?' मी म्हटलं, 'तुझी काय काळजी, तुला नोरीन आहे.'

नोरीन: म्हणजे तू माझ्याकडं पाठवलंस आणि मी तुझ्याकडं.

भोंग्या: अगं, पण नेहमीसारखा आधी आला म्हणजे? तो तर सत्तेचाळीस नंबरची बस पकडायला जायचा. म्हणून तर पंच्याऐंशी नाव पडलं! पंच्याऐंशी मिनिटं झाली की स्कोअर काहीही असो, टोपी घालून उठायचा. शेवटच्या मिनिटाला गोल करून आपण वरच्या विभागात चढलो, अख्ख्या शहरानं बघितला तो गोल, ह्यानं नाही. आम्ही किती चिडवलं त्याला. 'पळा पळा, बस चुकेल!' तो नुसता हसायचा.

नोरीन: कसली बस घेऊन बसलास? तो इथं यायचा. पावणेपाचला. तुमची झुंड येईपर्यंत ती दहा मिनिटं पबमध्ये तो आणि मी. मी ग्लास भरून मांडत असायचे, तो ह्या टोकाला बसून बोलायचा.

भोंग्या: आमच्याशी तर ऑफसाइडच्या पलीकडं कधी बोलला नाही. काय बोलायचा?

नोरीन: टोमॅटोचं. गोगलगाईंचं. यंदा पाऊस कसा. माझा नवरा गेला त्या साली काहीच बोलला नाही, नुसता बसून राहायचा. मला तेवढंच पुरायचं. अजूनही पावणेपाच झाले की मी दाराकडं बघते, सवय जात नाही.

भोंग्या: आणि त्या दहा मिनिटांसाठी त्यानं तो गोल सोडला? अरे देवा. आपण शोधू त्याला. नाव काय त्याचं?

नोरीन: तूच सांग. तू एकवीस वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलास.

भोंग्या: मला कुठं माहीत? पंच्याऐंशीच म्हणायचे सगळे! राहतो कुठं?

नोरीन: कधी विचारलंच नाही रे. पुढच्या शनिवारी येणारच असायचा, पत्ता कशाला विचारायचा माणूस? एवढं माहीत आहे की कालव्याकाठी पालिकेनं भाड्यानं दिलेले भाजीचे वाफे आहेत, तिथं त्याचा एक वाफा होता. टोमॅटो तिथलेच आणायचा. जुन्या मैदानाच्या तिकीट-खिडक्या मोडून विकल्या ना, त्या आणून टोमॅटोसाठी काचेची खोली करणार म्हणाला होता.

भोंग्या: लाल-पिवळी?

नोरीन: तू बघितलीस?

भोंग्या: आमच्या बसमधून दिसते. पुलावरून जाताना उजव्या हाताला. दर वेळी सगळी बस ओरडते, 'ते बघा आपल्या खिडक्या!' हात पण करतो आम्ही.

नोरीन: मग? नीट आहे ना?

भोंग्या: ह्या हिवाळ्यापासून काचा फुटलेल्या आहेत तिच्या. आत गवत वाढलंय.

नोरीन: ऊठ.

भोंग्या: अगं, पण आज पब...

नोरीन: कोण येतंय? ऊठ म्हणते ना. की तुझी मॅच चुकेल?

भोंग्या: मॅच गेली खड्ड्यात. तो मग घे बरोबर.

(कालव्याकाठी, भाजीच्या वाफ्यांवर, अर्ध्या तासानं.)

पर्ल: कोण पाहिजे? फाटक सांभाळून, बिजागरी सैल आहे. मी पर्ल, हा शेजारचा वाफा माझा.

नोरीन: ह्या काचेच्या खोलीचे मालक... एक म्हातारे गृहस्थ. राखाडी टोपी घालायचे.

पर्ल: सिरिल? सिरिल एंट्विसल?

नोरीन: सिरिल. असेल. हो, तेच.

पर्ल: तुम्ही त्यांच्या कोण?

भोंग्या: आम्ही फुटबॉलवाले. जुन्या मैदानावरचे, वुलपॅकमधले.

पर्ल: आलात का! आता आलात? फेब्रुवारीत गेला तो, बाई. छातीत कफ झाला, आठ दिवसांत आटोपलं. मी जन्मभर नर्स होते, बघूनच कळलं, हा काही उठायचा नाही.

नोरीन: आम्हाला कोणी... कोणी कळवलंच नाही.

पर्ल: कोणाला कळवणार? मी क्लबला फोन केला. ते म्हणाले, वर्षाच्या तिकिटाचा नंबर सांगा. आता कुठला नंबर? नव्या मैदानाचं तिकीट त्यानं काढलंच नव्हतं. मला म्हणायचा, 'पर्ल, माझी शंभर माणसं आहेत.' नावं विचारली की गाजर म्हणायचा, भोंग्या म्हणायचा. अशा नावांनी मी कोणाला शोधू? अंत्यविधीला शंभर येणार म्हणून मी सँडविचं किती केली होती! चर्चमध्ये पाद्र्याला म्हटलं, थांबा दहा मिनिटं, येतील. शेवटी आम्ही चौघं होतो. पाद्री धरून.

भोंग्या: मीच भोंग्या.

पर्ल: तू होय? तू तर फार ओरडायचास म्हणे. मग त्या दिवशी कुठं होतास?

भोंग्या: कुठला वार होता?

पर्ल: शनिवार.

भोंग्या: मग बसमध्ये असेन. इथूनच गेलो असेन, पुलावरून.

नोरीन: पर्ल, एक सांगा. ते कधी वुलपॅककडं आले नाहीत का हो? दोन वर्षांत? मी रोज तिथंच होते. दार उघडंच होतं की.

पर्ल: यायचा ना! दर शनिवारी साडेचारला हात धुवायचा, टोपी झटकायचा आणि निघायचा. अर्ध्या तासात परत. मी विचारायची, प्यायलास का रे? तर म्हणायचा, 'काचेतून बघितलं, आत कोणी नाही, त्या एकट्याच आहेत. मॅच नाही, मग आलात कशाला असं विचारलं तर काय सांगू?'

नोरीन: मी विचारलं असतं? मी ग्लास पुढं केला असता रे बाबा! मी दाराकडंच बघत होते. सिरिल, तुम्ही बाहेर आणि मी आत. अहो, नुसतं दार ढकलायचं होतं.

पर्ल: रडा, बाई. तेवढं तरी कोणी रडू दे त्याच्यासाठी. हा मग त्याचा का?

नोरीन: त्यांचाच. तुम्ही ठेवाल?

पर्ल: ठेवते. पुढच्या महिन्यात हा वाफा दुसऱ्याला जाईल, तोवर खोलीतच राहू दे. नंतर माझ्याकडं.

भोंग्या: नोरीन, चल. थंडी वाजतेय तुला. माझा कोट घे.

नोरीन: उद्यापासून मी बहिणीकडं राहायला जातेय. स्टेशनमागं. माझा पत्ता तुला लिहून देते, आणि तू शनिवारी यायचं. मॅच असो नसो. कशाला आलास म्हणून कोणी विचारणार नाही.

भोंग्या: येईन.

नोरीन: बुटकाही तसंच म्हणायचा. तुझं खरं नाव काय रे? सव्वीस वर्षं झाली, लाज वाटते मला विचारायला.

भोंग्या: अर्नेस्ट क्लेग. सोळा नंबर, मिल टेरेस, मागचं दार. मी एकटाच असतो. बेल बिघडलीय, दार जोरात ठोक. मला हल्ली कमी ऐकू येतं.