मागे तोंड करून बसायची जागा

नवनीत : ...तारेचं कुंपण काढ असं मी म्हणतच नाहीये, दादा. फक्त नदीकडच्या फाटकाची किल्ली दे. सकाळी बोट उतरवू, ऊन चढायच्या आत परत आणू. तुला कळणारसुद्धा नाही.

अमृत : तू पुस्तकनी मराठी बोलाले लागना का माले समजस, तुले काहीतरी मांगनं शे.

नवनीत : मागायलाच आलोय. इतकी वर्षं परमुलखात लोकांच्या बोटी चालवल्या, तिकडचीच भाषा तोंडात बसली. त्याला आता काय करू?

अमृत : चहा ले. थंडा व्हई ऱ्हायना.

नवनीत : घेतो. दादा, रुचिकाची वॉटर-स्कीची निवड चाचणी ह्या महिनाअखेरीला आहे. दिवाळीनंतर तू वाट बंद केलीस, तेव्हापासून पोरगी पाण्यावर उभी राहिलेली नाही.

अमृत : तिनी धाडं का तुले?

नवनीत : तिला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. स्की तिनं गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिलीय. कामिनीनं विचारलं तर म्हणे, आई, मला आता आवड राहिली नाही. ही पोरगी थंडीत ओठ निळे पडेपर्यंत पाण्यातून निघायची नाही. तिची आवड अशी जाते का?

अमृत : मंग तू कसाले उना?

नवनीत : बाप आहे म्हणून आलो.

अमृत : मी बी बापच शे.

नवनीत : ते मी विसरलोय का?

अमृत : तू विसरना नही. पन तू देखं नही. स्वप्नालीनी खिडकी नदीकडे शे. तुन्ही बोटनं मशीन चालू व्हयनं का ती पलंगवर उठी बसे. मी दारमा उभा ऱ्हाऊ, तिले समजे नही. रुचिका कोठे वळनी, कोठे पडनी, तिले आवाजवरी बठ्ठं समजे. आनि तिन्हा खांदा हालेत, भो. असा डावीकडे, असा उजवीकडे. जशी काय तीच दोर धरी पाणीवर शे. मंग बोट बंद व्हये. मंग ती भितकडे तोंड करी झोपे. तुन्ही वहिनी ताट लई उभी ऱ्हाये, ती उठे नही. सांग, मी काय करतू? मी तिन्हा पाय बरा करी शकत नही. हात बरा करी शकत नही. आवाज बंद करी शकस. तेवढंच मन्हा हातमा व्हतं, ते मी करं.

नवनीत : परवा सुरतेला गेला होतात. डॉक्टर काय म्हणाले?

अमृत : तेच. स्नायू झिजी ऱ्हायनात. आज पाय, हात. पुढे काय, ते बी त्यानी सांगं. ह्याले आज तरी औषध नही म्हने. चांगला माणूस शे. सांगता सांगता त्यानाच डोया भरी उनात. टेबलवरना गिलास मी त्यालेच दिना.

नवनीत : मला अजून ती सकाळ आठवते. सपाट पाणी होतं, वारा नाही. स्वप्नाली नदीत बांधलेल्या पहिल्या डब्याला वळली, दुसऱ्याला वळली आणि दोराचं हँडल हातातून गेलं. वर आली नि मला म्हणते, काका, मी सोडलं नाही, हात आपोआप उघडला. मी हातमोजे बदलले. हँडलला नवं रबर चढवलं. दोर बदलला.

अमृत : मी हनुमानले नारळ फोडं.

नवनीत : ती रुचिकापेक्षा चांगली होती, दादा. हे मी रुचिकासमोरही म्हणतो. त्या वळणावर तिचा खांदा पाण्याला लागायचा.

अमृत : माले सांगस का? बोटमा मागे तोंड करी कोन बसे? मीच ना. गाव म्हने, ह्या भाऊभाऊ येडा व्हयनात. नदीमा तेलना डबा बांधतस आनि घरन्या पोरीस्ले दोरले बांधी ओढतस.

नवनीत : दोर हातात धरायचा असतो, बांधायचा नसतो, हे सांगून सांगून मी थकलो.

अमृत : मी बी सांगे. एक पोर जास, दुसरी टाळ्या वाजाडस. काय दिवस व्हतात ते.

नवनीत : मी दुसरीकडून बोट उतरवून बघितली. वरच्या अंगाला गाळ आहे. बोटीचा गाडा आसापर्यंत रुतला, ट्रॅक्टर लावून काढला. प्रकाशा गावच्या घाटावर आंघोळीला लोक असतात, तिथे बोट न्यायची नाही. आणि पाटबंधाऱ्याच्या साहेबानं परवानगी दिलीय ती ह्या आपल्या उतारापुरतीच. सगळी तापी समोर भरलेली आहे आणि मला तिच्यात शिरायला जागा नाही.

अमृत : तो उतार मीच खोदा. मुरूम टाकी दाबा. पोरीस्ना पाय घसराले नको म्हनी.

नवनीत : म्हणूनच तुझ्याकडे आलो. भांडायला आलो नाही. तू नाही म्हणालास तर मी उठून जाईन, उद्या पुन्हा चहाला येईन. पण ही चाचणी गेली की तिचं वय निघून जातं. मोठी झाल्यावर ती मला काही विचारणार नाही. तेच मला सोसवणार नाही.

अमृत : आनि मन्ही पोर खिडकीमा बसी ऐकी ऱ्हायनी, ते माले सोसवस का? तू मन्हा जागे ऱ्हातास, तर काय करतास?

नवनीत : ...मीही वाट बंद केली असती.

अमृत : मंग?

नवनीत : मग काही नाही. चहा झाला. येतो मी.

स्वप्नाली : थांबा, काका.

अमृत : तू कसाले उठनी? थांब तठेच. मी येस धराले.

स्वप्नाली : धरू नका, आप्पा. भिंत आहे. येते मी.

नवनीत : सावकाश, बेटा. ही खुर्ची घे.

स्वप्नाली : बसले. मला एक सांगा. तुम्ही दोघं मघापासून माझ्याबद्दल बोलताय. मला कुणी विचारलं का?

नवनीत : नाही.

स्वप्नाली : बोट पहिल्यांदा आली नाही त्या सकाळी मला वाटलं, रुचिकाला काहीतरी झालं. आईला विचारलं. ती म्हणाली, मशीन बिघडलंय. आप्पाही म्हणाले, मशीन बिघडलंय. बोटीचं मशीन बिघडलंय आणि काका इतके दिवस घरी बसलेत, हे मला खरं वाटेल का?

अमृत : तुले तरास व्हये, माय.

स्वप्नाली : होत होता. रुचिका वळायची तेव्हा वाटायचं, तिथं मी असायला हवी होते. तिचा रागही यायचा, काका, खोटं कशाला बोलू. ती पडली की बरं वाटायचं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं. जेवण जायचं नाही ते त्यामुळे. आप्पांना ते दिसत होतं.

नवनीत : मग त्यानं केलं ते बरोबरच केलं.

स्वप्नाली : तसंही नाही. आता सकाळ होते. दूधवाला येतो, केळीला पाणी सोडतात, आई पाय चोळून देते. आणि काहीच होत नाही. मला राग यायलासुद्धा काही उरलेलं नाही. रुचिकाही येत नाही. आली तर दारात उभी राहते, अभ्यास कसा चाललाय विचारते आणि जाते. आम्ही एका ताटात जेवलेल्या, काका. ती मला अभ्यास विचारते.

नवनीत : तिला तुझ्यासमोर स्वतःच्या पायांवर उभं राहायची लाज वाटते. मला म्हणाली एकदा.

स्वप्नाली : मला माहीत आहे. म्हणून मी काही म्हणत नाही.

अमृत : तू म्हन, मी काय करू. वाट उघडी करू? उद्या उघडी करस. पन तू परत भितकडे तोंड करी झोपशी, ते मी देखनार नही.

स्वप्नाली : खिडकीत बसून नाही ऐकायचं मला. बोटीत यायचंय.

अमृत : बोटमा?

स्वप्नाली : तुम्ही बसायचात तिथं. मागे तोंड करून.

अमृत : नही.

स्वप्नाली : आप्पा...

अमृत : नही म्हनं ना. पाणीमा पडनी तर? तुन्हा पायमा जोर नही. मी बी पोहाणारा नही.

स्वप्नाली : लाइफ जॅकेट असतं. शेजारी तुम्ही बसा.

अमृत : नवनीत, सांग तिले. नियम काय शे?

नवनीत : मी पुढे बघून बोट चालवतो. मागं काय होतंय ते मला नीट दिसत नाही. म्हणून मागे बघणारा माणूस लागतोच. ती उठली, वळली, पडली, हे त्यानं मला सांगायचं. त्या जागेवर विश्वासाचं माणूस पाहिजे.

स्वप्नाली : माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तोंडालाही नाही. का तुम्हाला वाटतं, मला जमणार नाही?

नवनीत : मला माहीत नाही, बेटा. खरंच माहीत नाही. बोट वळते तेव्हा अंग सावरावं लागतं.

स्वप्नाली : मलाही माहीत नाही. उन्हाळ्यात जमेल का, तेही माहीत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला पूर्ण कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. मला एवढं कळतं की आत्ता बसता येतंय.

अमृत : असं बोलू नको.

स्वप्नाली : नाही बोलत. तुम्ही सांगा.

अमृत : ...नवनीत.

नवनीत : बोल, दादा.

अमृत : उतारवर गवत वाढनं शे. सकाय इळा लई ये. मी एकटा कापू शकाव नही.

(सकाळ. बोट पाण्यावर. नवनीत सुकाणू धरून. त्याच्या पाठीला पाठ लावून मागच्या बाकावर स्वप्नाली, तिला खेटून अमृत. दोराच्या टोकाला, पाण्यात, रुचिका.)

नवनीत : जॅकेटचे पट्टे बघितलेस, दादा?

अमृत : देखा. परत देखा. तू पुढे देख.

नवनीत : स्वप्नाली, हा झेंडा हातात ठेव. ती पडली की वर करायचा.

स्वप्नाली : माहीत आहे, काका. माणूस पाण्यात आहे, हे दुसऱ्या होड्यांना कळावं म्हणून.

अमृत : आठे कोन शे दुसरं? धनसिंग पलीकडे जाळा काढी ऱ्हायना, तेवढाच.

नवनीत : धनसिंगलाच दिसला पाहिजे. रुचिका तयार आहे का?

स्वप्नाली : स्कीत पाय अडकवलेत. हँडल धरलंय. माझ्याकडे बघत नाहीये.

नवनीत : गोठ्यातून स्की काढून दिली तेव्हा रडली. कोण येणार आहे ते सांगितल्यावर अजून रडली.

स्वप्नाली : काका, घ्या.

नवनीत : धरून बसा.

स्वप्नाली : उठली. सरळ उभी आहे. पहिल्या डब्याकडे निघाली. वळली. दुसरा. वळली. तिसरा, वळली, पण खूप लांबून.

अमृत : चांगली जाई ऱ्हायनी.

स्वप्नाली : नाही, आप्पा. मुद्दाम हळू वळतेय. पाणीसुद्धा उडत नाहीये तिच्या स्कीखालून. लहान मुलासारखी जातेय.

नवनीत : खूप दिवसांनी उतरलीय. पाय घाबरले असतील.

स्वप्नाली : पाय नाही घाबरलेत. मला वाईट वाटू नये म्हणून करतेय ती. काका, फिरवा बोट. परत घ्या. आणि वेग वाढवा.

अमृत : कसाले वाढाडना? बोट हालस. तू घसरशी.

स्वप्नाली : मला धरा तुम्ही. घरी धरू नका म्हणाले, आता धरा. काका, चाचणीला असतो तेवढा वेग घ्या. मग तिला खरंच जावं लागेल.

नवनीत : दादा?

अमृत : धरी ठेवं मी तिले. ले.

स्वप्नाली : आली. पहिल्याला वळली. आता बघा. आता पाणी उडालं. दुसरा. खांदा खाली गेला तिचा. तिसरा. दोर ताणलेला आहे, कुठे ढिला नाही. चौथा...

अमृत : तू रडी ऱ्हायनी.

स्वप्नाली : रडू दे, मला दिसतंय. पाचवा. लांब गेली, खूप लांब गेली. पडली. काका, पडली.

नवनीत : कमी केला वेग. वर आली का?

स्वप्नाली : आली. हात दाखवला. बरी आहे. काका, ती हसतेय.

नवनीत : झेंडा, बेटा.

स्वप्नाली : हो. ...हो, करतेय.

अमृत : दे इकडे. मी धरस.

स्वप्नाली : थांबा ना, आप्पा. कोपरापर्यंत आलाय.

अमृत : नवनीत, तू सांग तिले.

नवनीत : मी काय सांगू, दादा.

स्वप्नाली : पाणी गार आहे, काका. रुचिका काकडेल तिथं.

नवनीत : ती थांबलीय. मशीन बंद केलंय मी. तू सावकाश उचल.