सेव्ह न होणारं नेटवर्क

परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते.

"ताई, नेटवर्क जोडायच्या सरावाचं सॉफ्टवेअर मी घेऊन देत होतो. नको का म्हणालीस?"

"फुकटातलं पुरलं मला."

"त्यात केलेलं काम सेव्ह होत नाही ना?"

"नाही होत. बंद केलं की सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून जोडायचं."

"तुझे साहेब हसले म्हणे. वायरी ओढणाऱ्या बाईला कसली नेटवर्किंगची परीक्षा, म्हणाले."

"हसू देत. त्यांच्याकडे विकतचं आहे. एकदा जोडलं, सेव्ह केलं, विसरले. परवा ऑफिसातलं नेटवर्क बंद पडलं, तर फाईल शोधत बसले."

"आणि तू?"

"मी शंभर दिवस रोज नव्यानं जोडलंय. आत फाईल नेता येत नाही, बाबा. हात नेता येतात."