वऱ्हाडाच्या गोट्यांतला माझा दगड

मव्हं माहेर देवणीकडचं, बाप दुसऱ्याची बैलं राखायचा, आन सासर हे असं, उदगीरच्या अलीकडं माळाला. लगीन होऊन आले तवा गाडीतूनच ते गोटे दिसले, गोल मांडल्यावानी, एक गोल, दुसरा गोल, असे लई. सासू म्हणली, ते वऱ्हाड हाय, नवरीनं मागं वळून बघितलं आन समदं वऱ्हाड दगड झालं, तू बघू नको. म्या बघितलं. पुढं मव्हं जे काय वाईट झालं ते त्याच्यानंच झालं असं सासू मरस्तोवर म्हणली.

काय सांगू ताई तुम्हाला, त्या गोट्यांपायी गावात किती भांडणं. मेंढरंवाले म्हणायचे, आमच्या आज्या-पणज्यांनी मेंढरं बसवायला मांडले, माळ आमचा. आमच्या आळीचे म्हणायचे, वऱ्हाड आमचं. गुरुजी म्हणायचे लई जुन्या माणसांची थडगी हायत, पर गुरुजीचं कोण ऐकतंय. म्या कुणाच्या मधी पडले न्हाई, मव्हं तिथं दुसरंच व्हतं.

पहिली पोरगी झाली, नऊ दिवस जगली. बारशाच्या आधीच गेली म्हणून नाव न्हाई. एवढ्या लेकराला जाळत न्हाईत आपल्यात, पुरतात, आन बाईमाणसानं जायचं न्हाई. मालकानं फडक्यात गुंडाळून नेली, शेवटच्या गोलात पुरली, तिथं नांगर फिरत न्हाई म्हणून. वर दगड ठेवला का म्हणलं, तर म्हणे ठेवला लहानसा. लहानसा! माळाला कोल्हे काय कमी हायत? समदे शेतात गेले तवा म्या उठले, मायनं दिलेल्या जात्याचा वरचा दगड फुटून अर्धा पडला व्हता परसात, तो घेतला डोक्यावर, ओली बाळंतीण, दूध वाहून राहिलं लुगड्यातून, आन उकरलेली माती बघून बरोब्बर वर ठेवला. कुणाला बोलले न्हाई, मालकाला बी न्हाई. मग ढोरं घेऊन रोज जायचे, तिथं बसायचे. पुढं दोन पोरं झाली, मोठी झाली, मालक गेले, तरी जायचेच.

परवाच्या साली कॉलेजातली माणसं आली, एक मॅडम, चार-दोन पोरी. टेप लावून गोल मोजले, गोट्यांवर चुन्यानं नंबर टाकले. गाव खूश, आता निकाल लागंल म्हणून. माझ्या दगडापाशी आल्या आन मॅडम ओरडलीच, अगं, जात्याचा तुकडा! झालं, मेंढरंवाले म्हणले आमच्याच बायांचं जातं, आमच्या आळीचे म्हणले आमच्या बायांचं. म्या ढोरांपाशी उभी. मॅडमनं मलाच इचारलं, मावशी, तुम्ही रोज असता इथं, हा दगड पहिल्यापासून इथंच हाय का? तोंडापर्यंत आलं व्हतं ताई. वाटलं, सांगितलं तर खालचं उकरून बघतील. म्हणले, हाव, पहिल्यापासनं.

पहिल्यापासनं म्हणलं म्हणून तर तिथंच खणलं. दोन हात खणलं, माती चाळणीतून चाळली, आन म्या त्या चाळणीकडं बघून राहिले. काहीच घावलं न्हाई. मॅडम म्हणली, बुजवा. मला बरं वाटलं आन लई वाईट बी वाटलं, दोन्ही एकदमच.

दगड जीपमधी घालून नेला. आता कुठं काचेत ठिवलाय म्हणे, नातीनं मोबाइलात फोटो दाखवला. खाली लिव्हलंय, कुणाचं जातं ते सांगता येत न्हाई. म्या नातीला म्हणले, आणखी एकदा वाच. तिनं वाचलं.

अजून जाते ढोरं घेऊन. पर समदी माती सारखीच, कुठं बसावं ते कळत न्हाई, उभीच राहते. तुम्ही लिव्हा, पर मव्हं नाव नका घालू, पोरांना ठाऊक न्हाई. त्या मॅडमचं भलं होवो, तिची काय चूक. तिनं इचारलं व्हतं. म्याच हाव म्हणले.